आतोसचा वॉल्ट्झ

एर्मेस बोनविचिनीची शवपेटी चर्चच्या पायऱ्या उतरली तेव्हा अकॉर्डियनवाल्यानं आतोसचा वॉल्ट्झ वाजवला. आमच्या गावात लग्नाला तोच, प्रेतालाही तोच. फर्माईश आतोसच्या मुलीची, इओलेची. रुमाल मुठीत घट्ट धरून ती मला म्हणाली, "ओत्ताविओकाका, बाबांचा वॉल्ट्झ एर्मेसना फार आवडायचा, नाही?"

"त्यानंच लिहिला होता तो."

"आज तरी नको ना, काका."

आम्ही बॅण्ड काढला तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी ड्रमवर, गावातलेच दोघे भाऊ गिटार आणि बासरीवर, एर्मेस ऑर्गनवर. नाव 'मिठाचा जिना'. त्या काळात इटलीतल्या बॅण्डांची नावं अशीच असत, अर्धं स्वप्न आणि अर्धं अपचन. हे नाव एर्मेसचं. दिवसा तो हॅमच्या कारखान्यात डुकराच्या मांड्यांना मीठ चोळायचा. ऑर्गन त्याला पाद्रीबाबांनी शिकवला होता. बोटांच्या भेगांत मीठ असायचं, आणि लांब सूर धरला की त्याचा चेहरा आक्रसायचा. समोरच्या मुलींना ती भावना वाटे.

त्यानं 'पूर' लिहिला, रेकॉर्डची एक अख्खी बाजू. आमच्या नदीचा पूर. आधी बांधाखालची कुजबुज, मग चढतं पाणी, मध्ये एक संथ वॉल्ट्झ, जसं बुडालेल्या घरात कुणी नाचतंय, मग उसळी, आणि शेवटी ओसरणं.

पण तेव्हा रेकॉर्डवर संगीतकार म्हणून सही करायची तर गीतकार-संगीतकारांच्या संघाची परीक्षा पास व्हावी लागे. बंद खोलीत एक चाल देत, ती वाढवायची. एर्मेस गेला आणि त्यानं ती सात मात्रांत वाढवली. परीक्षकांना वाटलं, याला मोजता येत नाही. नापास.

अशा वेळी सगळे करत तेच आम्ही केलं, पास झालेला माणूस शोधला. आतोस पेद्राझी, गावातल्या नाचाच्या ऑर्केस्ट्राचे मास्तर. त्यांनी न ऐकताच सही केली.

"मास्तर, निदान एकदा ऐका तरी," एर्मेस म्हणाला.

"ऐकून सही केली तर पाप लागेल रे," मास्तर हसले. "माझं नाव म्हणजे उसनी छत्री समज. तू पास झालास की परत कर."

मिलानला रेकॉर्डिंग झालं. बाजूवर मावेना म्हणून रेकॉर्डिंगवाल्यानं शेवट कापला. त्या रेकॉर्डवर पाणी चढतं आणि तसंच राहतं. एर्मेस परतीच्या वाटेवर मोटारीत एवढंच म्हणाला, "म्हणजे आपण सगळे बुडालो."

रेकॉर्ड खपली नाही. पुढे एका मोठ्या कार्यक्रमात पोरांनी संगीत फुकट हवं म्हणून दरवाजे तोडले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि पळापळीत ऑर्गन जिन्यावरून खाली गेला. बॅण्ड तिथंच संपला. भाऊ जर्मनीला गेले, मी हार्डवेअरचं दुकान काढलं. एर्मेस मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात लागला. झालरीचा गुलाबी सदरा घालून नाचणाऱ्यांसाठी मझुर्का वाजवू लागला.

"एर्मेस," तिथला बासवाला खिजवायचा, "बायकांना पाय दोनच असतात. सातात नाचतील कशा?"

"तुला दोन आहेत, तरी वॉल्ट्झचे तीन ठोके चुकतातच की."

'पूर'मधला वॉल्ट्झ मास्तरांनीच उचलला. थोडा वेग वाढवला, पुढं क्लॅरिनेट ठेवलं. लोक वेडे झाले. नाव आपोआप पडलं, आतोसचा वॉल्ट्झ. मास्तरांनी ते पाडलं नाही आणि अडवलंही नाही.

एर्मेस पुढे परीक्षा पास झाला. पेढे वाटावेत तसं त्यानं बारमध्ये सगळ्यांना लाम्ब्रुस्को वाइन पाजली, पण मास्तरांना विचारायला जीभ रेटेना. विचारलं ते थेट मास्तरांच्या शेवटच्या आजारात, इस्पितळात. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"मास्तर, ती छत्री…"

"आता बदललं तर लोक म्हणतील आतोस चोर होता. मरणाऱ्याला चोर करतोस?"

"नाही, मास्तर."

"मग झालं. माझ्या मागे इओले बघेल."

इओलेनं बघितलं. म्हणाली, "बाबा माझ्याशी असं काही बोलले नाहीत." आणि ते खरंच असावं.

मग जपानमध्ये कुणीतरी आमची रेकॉर्ड पुन्हा काढली. कुराहाशी नावाचा एक शिक्षक ती काखेत धरून गावात आला. 'पूर' लिहिणारा गेला हे कळल्यावर त्यानं भर बारमध्ये डोळे पुसले. एर्मेस शेजारीच कॉफी ढवळत होता. बारमधले सगळे कपात बघत राहिले. मला सांगायचं होतं. एर्मेसनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला.

परदेशातून माणूस आला म्हटल्यावर नगरपालिकेला जाग आली. नाचघराच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवायची ठरली: 'पूर'कार आतोस पेद्राझी. रविवारी दुपारी समारंभ, नंतर जेवण. इओलेनं एर्मेसला बोलावलं. "तुम्हीच वाजवा. तुमच्याइतका तो कुणाच्या हातात बसलेला नाही."

त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. ऑर्गनवर बसून वॉल्ट्झ वाजवला, मूळच्या संथ लयीत. म्हातारी जोडपी अडखळली. मग उसळी वाजवली. रेकॉर्ड थांबते तिथं टाळ्या पडल्या, महापौर उठले. एर्मेसनं हात उचलले नाहीत. पाणी ओसरू लागलं. सूर एकेक करून खाली उतरत होते, मध्ये चिखलासारखी शांतता. आम्ही घेतलेल्या तालमींनंतर ते मीही ऐकलं नव्हतं. मागे खुर्च्या सरकू लागल्या.

"धन्यवाद, एर्मेस!" इओले माइकवर गोड आवाजात म्हणाली. "चला मंडळी, तोर्तेल्लिनी निवतायत."

त्यानं मधेच हात उचलले आणि ऑर्गनचं झाकण लावलं.

कुराहाशी धावत आला. त्याचं इटालियन पुस्तकी होतं. "शेवटचा भाग, महाशय, रेकॉर्डवर नाही. तो कुणाचा?"

एर्मेसनं पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली, सांग म्हणून.

"कुणाचा नाही," तो म्हणाला. "हात घसरला."

आणि जेवायला न थांबता घरी गेला.