प्रमोदिनीची आखडलेली मान

माझी धाकटी जाऊ प्रमोदिनी हिला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. शहाण्णव साली आम्ही सरकारी क्वार्टर सोडून नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. गावाकडून दिल्ली-आग्रा बघायला निघालेला जो तो आमच्याकडेच मुक्काम ठोकायचा. दिवसभर ऑफिसात टायपिंग करून आलेली ही बाई हसतमुखानं त्यांच्या पोळ्या लाटायची. सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा.

त्यात तिचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. साधंच. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. आराम कसला डोंबलाचा! आठवड्याच्या आत पाहुणे हजर, आणि बाईसाहेब त्यांच्यासाठी गाद्या उचलतायत. मी ओरडले, तर नुसती हसली.

मग तिची मान डाव्या बाजूनं धरली, अंगात कणकण आली. गाद्या उचलून मान आखडली, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी तेल कोमट केलं, पदर खोचला. प्रमोदिनी निमूट पाठ करून बसली. अंगठा मानेला टेकला मात्र, तिनं सासूबाईंचा हात धरला.

“आई, नको. हे काहीतरी वेगळं आहे.”

आमच्या घरात सासूबाईंचा हात आजवर कुणी धरला नव्हता. त्या फणकारल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्या कपाळाला हात लावला आणि घाबरल्याच. ताप फणफणत होता. भावजी शेजाऱ्यांची मारुती मागून घेऊन आले.

हॉस्पिटलात तपासणीत कळलं, मानेतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी. अशा ऑपरेशननंतर फार क्वचित होतं म्हणे. डॉक्टर हिंदीत समजावत होते, मान जोरात रगडली असती तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. सासूबाईंनी आपले हात समोर धरून पाहिले. तळहाताचं तेल अजून पुसलं नव्हतं.

बरेच दिवस इंजेक्शनं चालली. शेवटी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिथंच ढसाढसा रडले.

सासूबाई तिच्या खाटेशी गेल्या. या हातांनी आपण काय करून बसलो असतो, म्हणाल्या. प्रमोदिनी आपली नेहमीसारखी, असू दे आई, तुम्हाला कुठं माहीत होतं.

“असू दे नाही,” सासूबाई डोळे पुसत दरडावल्या. “यापुढे नको असेल ते तोंडावर सांगायचं. माझ्यावर ओरडलीस तरी चालेल, पण तू हवीस मला.”