तांबडीचा पान्हा

शर्यतवाले त्यांना गाणेवाल्या बाई म्हणत आणि गाणेवाले घोडेवाल्या बाई. बाईंचा खरा जीव पलीकडेच अडकलाय, अशी दोन्हीकडे खात्री. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती आणि एकाचाही राग नव्हता.

वडिलांच्या मागे तबेला हाती आला तेव्हा, बाईमाणूस काय घोड्यांची पैदास करणार, म्हणून मैदानावरच्या भल्याभल्यांनी नाकं मुरडली. पुढे बाईंच्या तबेल्यातली शिंगरं मोठी होऊन चषकामागून चषक आणू लागली, तेव्हा तीच मंडळी सल्ला विचारायला फाटकाशी ताटकळू लागली. कुठली घोडी कुठल्या घोड्याला दाखवायची, यात बाईंचा शब्द शेवटचा. मिळालेला पैसा त्यांनी एका सभागृहात ओतला. नाटकवाले, चित्रकार, गवई, कोणी त्यांच्या दारातून विन्मुख गेला नाही.

एकच गोष्ट मागायची सोय नव्हती. सभागृहाच्या वरच्या खोलीत काचेच्या कपाटात एक व्हायोलिन होतं. ते बाईंच्या लेकीचं. लेक ऐन विशीत तापाने गेली, आणि तिच्या आठवणीसाठीच हे सभागृह उभं राहिलं. कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यातल्या साखळीत असे.

बाईंच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या एका मुलीचं व्हायोलिन जिन्यावरून पडून मोडलं. तिचा पहिलाच कार्यक्रम तोंडावर आलेला. तिचे गुरुजी तिला घेऊन बाईंकडे आले आणि त्यांनी नेमकं तेच मागितलं.

"नवं घेऊन देते. म्हणाल ते," बाई म्हणाल्या. "ते मात्र नाही."

"नवं वाद्य बोलायला वेळ घेतं, बाई. इतके दिवस कुठून आणायचे?"

"मग कार्यक्रम पुढे ढकला."

मुलगी दाराशी उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या कधीच पाहत नसत. तिची फी मात्र वेळच्या वेळी भरत.

त्याच आठवड्यात तबेल्यावर घाला पडला. बाईंची लाडकी सावळी घोडी विताना गेली. शिंगरू तेवढं वाचलं. शेजारच्या खणात तांबडीला मेलेलं पिल्लू झालं होतं. इकडे आईविना शिंगरू, तिकडे दुधाने तटतटलेली आई. पण शिंगरू जवळ नेताच तांबडीने कान पाडले आणि अशी लाथ झाडली की फळी फुटली.

"मारून टाकेल हो ती त्याला," मोतद्दार म्हणाला. त्याने शिंगराला पोटाशी ओढून घेतलं.

वडिलांनी शिकवलेला एकच उपाय उरला होता. बाईंनी मेलेल्या पिल्लाचं कातडं सोडवायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने ते जिवंत शिंगराच्या पाठीवर बांधलं. आतून त्या हादरल्या होत्या. असलं काम परक्यावर सोपवणं त्यांना जमलं नसतं इतकंच.

तांबडीने हुंगलं. पुन्हा पुन्हा हुंगलं. मग घशातून हलकेच घुमली आणि पाय बाजूला घेतला. शिंगरू आचळाला लागलं.

"फसली बिचारी," मोतद्दार पुटपुटला.

दोन-तीन दिवसांत कातड्याला वास सुटला. ते काढणं भागच होतं. मोतद्दाराने तांबडीचा दोर आखडून धरला, बाईंनी गाठी सोडल्या. सगळ्यांचा जीव टांगणीला. तांबडी वाकली आणि शिंगराची उघडी पाठ हुंगू लागली. आपल्या पिल्लाचा वास तिथे आता नव्हता. ती थांबली. मग तिने ती पाठ चाटायला घेतली.

"हिला कळलं नाही म्हणायचं का?" मोतद्दाराने विचारलं.

"कळलंय," बाई म्हणाल्या. "पान्हा फुटलाय. आता कुणाचं ते ती विचारत नाही."

आपणच बोललेलं ऐकून बाई जरा वेळ खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग कपडेही न बदलता थेट सभागृहात गेल्या आणि मुलीला बोलावणं धाडलं.

कपाटाचं कुलूप गंजलं होतं. ते खटपटीने निघालं. व्हायोलिनची एक तार तुटलेली, बाकीच्या ढिल्या. मुलीने आपल्याजवळच्या नव्या तारा चढवल्या, सूर लावला आणि वाजवू लागली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं त्यांना एकच भीती होती: कोणी हे वाजवलं आणि ते लेकीसारखं वाजलं तर? तसं वाजलं नाही. लेकीचा हात उतावळा, सुरावर ती कधी रेंगाळत नसे. ही पोर सावकाश वाजवत होती. हे लेकीचं वाजवणं नव्हतं; ते पुन्हा कधी ऐकूही येणार नव्हतं. बाईंना रडू कोसळलं.

मुलगी दचकून थांबली. "माझं काही चुकलं का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. डोळे पुसून त्यांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोरीचे गाल बसले होते, ओठ सुकले होते.

"जेवलीस का गं?" बाईंनी विचारलं.