राणीचं विमान आणि आमची लहानी

प्रणाली पोळ्या लाटायची तेव्हा पोळीकडे बघायचीच नाही. मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवलेला, त्यावर जपानी कार्टून चालू, डोळे तिकडे, आणि हात आपले आपण लाटत असायचे. मधेच ती खुदकन हसायची, लाटणं हवेत थांबायचं, मग पुन्हा चालू. आणि पोळी कशी, तर गोल, वाटीनं कापल्यासारखी. मी दोन्ही डोळे रोखून, श्वास धरून लाटते, तरी माझी पोळी एका बाजूनं रुसलेलीच असते. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ती मला सलायला लागली. उगाच गोड बोलण्यात काही अर्थ नाही.

प्रणाली म्हणजे माझी धाकटी जाऊ, नितेश भाऊजींची बायको. भंडाऱ्यात आमचं घर विणकरांचं. सासरे गेले आणि घरातला माग मोडला. आता यांचं साड्यांचं दुकान आहे. सासूबाई मला ‘मोठी’ म्हणतात, तिला ‘लहानी’. तिचं माहेर लाखांदूरकडचं, भाताच्या बांध्याबांध्यांतून वाढलेली पोर, त्यामुळे बोलणं अस्सल तिकडचं. दूध उतू गेलं, पाहुणे न सांगता आले, गॅस संपला, काहीही होवो, तिचं एकच ठरलेलं, “होऊन जाते ना, ताई.” आणि व्हायचंही. मी मात्र तोवर घर डोक्यावर घेतलेलं असायचं. लग्न झालेल्या बाईनं कार्टून कसलं बघायचं, असं मी तिला एकदा सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, “ताई, त्याच्यात भांडणं लय होतेत, पण मरत कोणीच नाही. म्हणून पाहतो मी.”

त्या मालिकेत एक महाबली होता. महाबली म्हणजे तरी कसला, पुढच्या कुठल्याशा शतकात आभाळात तरंगणाऱ्या शहरातल्या पाण्याच्या टाक्या घासणारा किडमिडीत माणूस. त्याच्याकडे एक निळा सूट. तो चढवला की दहा हत्तींचं बळ यायचं, पण दर धुण्याला सूट थोडा आटायचा. त्यामुळे पृथ्वी वाचवायची वेळ आली की हा आधी श्वास कोंडून चेन ओढत बसायचा, आणि वाचवून झाली की त्याला सुटातून ओढून काढायला चौघं लागायचे. त्याचं जपानी नाव काही आमच्या तोंडात बसेना. लहानीनं त्याचा ‘टाक्या’ करून टाकला. “टाक्या म्हणे, बाप्पा, हात वर होऊन नाही राहिला, मारू कसा?” असं सांगताना ती स्वतःचे हात असे काही आखडून घ्यायची की हे जेवता जेवता ठसकायचे. माझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत असं हसवलेलं नाही. मी भात वाढत राहायची.

तरी तोवर ठीक होतं. घरात माझी जागा पक्की होती. सासूबाईंनी माझं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण शेजारीपाजारी त्या सांगायच्या, मोठीवाचून आमच्या घरचं पान हलत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी वर्षं काढली. मग सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की खाऊ घाला आणि हात सारखा हलवत ठेवा, नाहीतर तो कायमचा आखडेल. सासूबाईंनी दोन्हीला नकार दिला. मी चमचा पुढे केला की त्या ओठ घट्ट मिटायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. मी समजावलं, रागावले, हात जोडले. अंघोळ घालणं, धुणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. पण तोंड काही उघडेना.

ते उघडलं लहानीनं. ती वाटी घेऊन बसली आणि टाक्याची गोष्ट सांगायला लागली. अगदी ऐन मोक्यावर आणून थांबायची आणि नुसता चमचा पुढे करायची. पुढचं ऐकायचं तर घास घ्यावा लागे. हाताचं तर तिनं त्याहून भलतं काढलं. कांड्या भरायचा जुना चरखा माळ्यावर पडला होता. सासूबाईंनी जन्मभर त्यावर मागासाठी सूत गुंडाळलेलं. लहानीनं तो खाली आणला, पुसला, खाटेशी ठेवला आणि सासूबाईंचा लुळा हात मऊ चिंधीनं त्याच्या मुठीला बांधला. मग म्हणते कशी, “आई, हे विमानाचं इंजन आहे. फिरवत राहा, नाहीतर विमान पडते खाली.” मला वाटलं, आता सासूबाई हिला चांगली फैलावर घेणार. त्यांनी मूठ फिरवली. आधी अर्धी, मग पूर्ण.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं की व्यायाम कोण करवून घेतं. सासूबाई एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, लहानी. मी शेजारीच उभी होते, त्यांच्या चपला हातात घेऊन. त्या दिवसापासून घरात दिवसभर तेच. लहानी कुठं गेली, लहानी आली का, लहानीले बोलव. शेजारणी येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या. मला जळजळ व्हायची, आणि ती ॲसिडिटीची नव्हती.

एकदा ती माहेरी गेली. मी म्हटलं, त्यात काय आहे, एवढी गोष्ट मलाही सांगता येईल. वाटी घेऊन बसले. गोष्टीत एक राणी होती, ती यंत्रांच्या ग्रहावरून विमान घेऊन यायची आणि पृथ्वी जिंकायला बघायची. टाक्याचं सगळं भांडण तिच्याशी. मला घाई होती, कुकर लावायचा होता. मी टाक्याला सूट चढवला आणि एका बुक्कीत राणीला मारून टाकलं. गोष्ट संपली, आता खा. सासूबाईंची मूठ थांबली. त्यांनी दुपारी खाल्लं नाही, संध्याकाळीही नाही. हे दुकानातून आले तेव्हा यांच्याकडे तक्रार केली, “मोठीनं मारली तिले.” शेवटी यांनी लाखांदूरला फोन लावला आणि आईच्या कानाशी धरला. लहानी तिकडून म्हणाली, “आई, राणी मेली नाही, मरायचं नाटक करून राहिली. ताईले पुढचं माहीत नाही.” सासूबाईंनी तोंड उघडलं आणि माझ्याच हातचा भात खाल्ला. ‘ताईले माहीत नाही’ हे मात्र मला बरेच दिवस पुरलं.

ती परत आल्यावरची गोष्ट. मी बाजारातून आले तर अंगणात बादली भरून पाणी वाहत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशव्या तशाच टाकल्या, सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, “नळ कोणाच्या बापाचा आहे, वाहून राहिला तो? मी एकटीनं कुठं कुठं पाहायचं?” आत लहानी गोष्ट सांगत होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वाकड्या तोंडानं अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं. “आली,” त्या म्हणाल्या. “राणी आली.”

मी लहानीला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं की मला ते कार्टून दाखव, आत्ताच्या आत्ता. तिनं पोळ्यांसाठी तवा चढवला आणि मोबाईल लावला. खाली हिंदीत लिहून येत होतं. खरी राणी उंच, चंदेरी केसांची. सिंहासनावर बसून हा हा हा करते आणि निघून जाते. बस. नळ नाही, बाजार नाही, काही नाही. आणि लहानीची राणी? तिच्याकडूनच वदवून घेतलं. ती पृथ्वीवर उतरली की आधी खिडकीवरून बोट फिरवून धूळ बघायची. मग नळाची चौकशी. मग, एवढा भात कोणी टाकला ताटात. मग कमरेवर हात ठेवून, मी आहे म्हणून चाललं आहे तुमचं. आणि त्यानंतर किरणं सोडायची. माझं रोजचं बोलणं, ओळीनं.

“म्हणजे मी राक्षसीण,” मी म्हणाले.

लहानी घाबरली नाही, हेही लिहून ठेवते. ती म्हणाली, “ताई, असली राणी सांगतली तं आई झोपून जायच्या. मग म्या तिच्या तोंडात तुमचं बोलणं घातलं, तं आई जाग्या झाल्या. अन् टाक्याचं विमान पडते म्हटलं का आई हात नाही हालवत. राणीचं पडते म्हटलं, तवाच फिरवतेत.”

दुसऱ्या एखाद्या बाईचे डोळे भरून आले असते. माझे आले नाहीत. मला राग आला. हेच बोलणं मी या घरात लग्न झाल्यापासून बोलते आहे, रोज, याच खोलीच्या दारात. तेव्हा कोणी जागं झालं नव्हतं. माझ्या बोलण्यावर सासूबाई खूश व्हाव्या, पण ते तिच्या तोंडून आल्यावर, हा कुठला न्याय? मी तिला म्हटलं, तुझी पोळी करपते आहे. ती करपत नव्हती.

पुढे नितेश भाऊजींना चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं आणि बिऱ्हाड हललं. जाताना लहानी सासूबाईंच्या पायाशी बराच वेळ बसून राहिली. मग माझ्या पाया पडली. मी विचारलं, आता आईच्या हाताचं कसं गं? तर डोळे पुसत म्हणते, होऊन जाते ना, ताई. गाडी वळली आणि मला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. घर पुन्हा माझं झालं होतं, आणि घरात चिटपाखराचा आवाज नव्हता.

तिचे फोन येत, पण खाणीकडे रेंज धड नाही. बरं आहे का म्हणेपर्यंत फोन तुटे. सासूबाईंनी चरखा सोडला. बोटं पुन्हा आत वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हा हात गेला समजा. म्हणून मी एका सकाळी काम बाजूला ठेवलं, त्यांचा हात मुठीला बांधला आणि गोष्ट सांगायला बसले. लहानीसारखे हात आखडून दाखवले, तिचा आवाज काढला, तिच्यासारखं बाप्पा-बाप्पा केलं. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. वरण थंड झालं, मी गरम करून आणलं, ते पुन्हा थंड झालं. शेवटी माझा बांध फुटला. म्हटलं, “सकाळपासून एका पायावर उभी आहे मी. तुम्हाले ना खायचं, ना हात हालवायचा. मीच काय ते सारं करायचं? तिकडं भांडे पडले, गोठ्यासारखं घर झालं, अन् मी इथं बसून विमानं उडवून राहिली!”

चरखा कुरकुरला. मला आधी वाटलं, भास झाला. पण मूठ फिरत होती, हळूहळू, अडखळत. थांबायची मला भीती वाटली. मी बोलतच राहिले. दूधवाल्याच्या पाण्याबद्दल बोलले, यांच्या ओल्या टॉवेलबद्दल बोलले, नणंद फोन करत नाही त्याबद्दल बोलले, जे तोंडात येईल ते बोलले, आणि सासूबाई हसत होत्या आणि मूठ फिरवत होत्या. घसा पार कोरडा पडला तेव्हा थांबले. त्यांनी आपणहून तोंड उघडलं. मी चार घास भरवले. तोंड पुसताना त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या,

“जमते तुले बी राणी. पण लहानी अजून हुबेहूब करे.”