खाकी कव्हरवाल्या बाई

"हात दाखवा."

पुस्तक मागितलं की बाई आधी हे म्हणायच्या. पुस्तक त्यांच्या डाव्या पंजाखाली दाबलेलं, आणि उजव्या हाताची बोटं 'आणा इकडे' म्हणून हलणारी. इथे आयर्लंडात, नावनच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया करणारे आमचे एक डॉक्टर मित्र आहेत. दिवसातून वीसदा कोपरापर्यंत हात धुणारा माणूस. तोसुद्धा बाईंसमोर पहिलीतल्या पोरासारखा दोन्ही पंजे उलटेपालटे करून उभा राहिलेला मी पाहिला आहे. "अंगठ्याला शाई लागलीय. पुसून या," बाई म्हणाल्या. डॉक्टर निमूट गेले आणि पुसून आले.

ओंगारजवळच्या आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात बाई अर्धवेळ काम करायच्या. त्याआधी मिरजेच्या एका कॉलेजात त्या बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. नवऱ्याला लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या इकडे आल्या. मीही त्याच कारखान्यातला, त्यामुळे त्यांच्या यजमानांची आणि माझी ओळख होती. ते फार कमी बोलत. का, ते बाईंना भेटल्यावर कळलं.

आता पेटीबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचा सगळा जीव तिच्यात होता. इथली ग्रंथालयं वेगवेगळ्या भाषांतल्या पुस्तकांच्या पेट्या फिरवतात. एक पेटी काही महिने एका शाळेत, मग दुसऱ्या शाळेत, मग ग्रंथालयाच्या काउंटरवर. प्रत्येकाने सगळी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, आणि मुलांना नवं काहीतरी मिळत राहतं. मराठीची अशी पेटी नव्हती. बाईंनी तीनदा अर्ज केला, दोनदा रडल्या (हे त्यांनी स्वतः सांगितलं, 'रडले' असं नाही, 'डोळ्यांचा त्रास झाला' असं), आणि शेवटी चाळीस पुस्तकं आली. निळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत, मुलांसाठी, कोरी करकरीत.

ग्रंथालयाची प्रमुख ओर्ला म्हणून एक आयरिश बाई होती. तिने पेटी देताना नियम सांगितला. सलग दोन महिने पेटीतलं एकही पुस्तक बाहेर नसलं, तर पेटी दुसऱ्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला जाणार. कॉर्ककडच्या मराठी मंडळींनी आधीच मागणी नोंदवून ठेवली होती.

"कॉर्कवाल्यांना पुस्तकं कशाला?" बाई मला म्हणाल्या. "दर रविवारी पावभाजी करतात ती माणसं. पानांचं काय होईल!"

पहिला मुक्काम माझ्या मुलीच्या, रेवाच्या शाळेत होता. नाताळच्या सुट्टीनंतर मी पेटी गाडीत घालून शाळेच्या ऑफिसात पोचवली. झाकण बाईंनी चिकटपट्टीने बंद केलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

सहा आठवड्यांनी बाईंचा फोन आला. आवाज बारीक. बाईंचा आवाज बारीक होऊ शकतो हे मला तेव्हाच कळलं.

"अहो, एकही पुस्तक गेलेलं नाही. कॉम्प्युटरवर शून्य दिसतंय. दोन आठवडे राहिलेत फक्त. तुम्ही जरा शाळेत डोकावता का?"

मी डोकावलो. वर्गातल्या प्रेसवर, म्हणजे कपाटावर (इथे राहून माझ्याही तोंडी प्रेसच येतं), आमची पेटी होती. शिक्षिका तरुण आणि भली. ती म्हणाली, "ही होय? मला वाटलं कुणाची तरी पार्सलं आहेत. कुणी न्यायला येईल म्हणून जपून ठेवलीयत."

मी झाकण उघडलं आणि मला सगळं समजलं. तुमच्याही एव्हाना लक्षात आलं असेल. जून महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, घरोघरी जे होतं ते बाईंनी केलं होतं. चाळीसच्या चाळीस पुस्तकांना खाकी कव्हरं! कडा कात्रीने कापलेल्या, कोपरे आत दुमडलेले, आणि प्रत्येकावर लेबल. लेबलवर नाव नाही, आकडा. 'म-१' ते 'म-४०', तोही देवनागरीत. कुठल्या आकड्याचं पुस्तक कोणतं, ती यादी बाईंच्या घरी, बाईंच्या वहीत. चित्रं आत गेली, नावं आत गेली, आणि मशीनने वाचायचा बारकोडही आत गेला.

रेवा तिथेच होती. तिला विचारलं, "अगं, तू तरी एखादं घ्यायचं नाहीस का?"

"Baba, they all look the same," ती म्हणाली. "And we're not allowed open parcels."

ग्रंथालयात मागच्या खोलीत बैठक बसली: ओर्ला, बाई, पेटी आणि मी. ओर्लाने एक पुस्तक हातात घेतलं, कव्हरावरून बोट फिरवलं आणि हसली. ती म्हणाली, तिची आई उरलेल्या वॉलपेपरची कव्हरं घालायची. सहा वर्षं तिने भूगोल गुलाबाच्या फुलांत वाचला. बाईंचा चेहरा उजळला. चार वर्षांत पहिल्यांदा या देशात कुणीतरी शहाणं भेटलं, असा.

"पण ती भूगोलाची पुस्तकं होती," ओर्ला हळूच म्हणाली. "ती वाचायला लागायचीच. इथे मुलाला वाघ दिसायला हवा ना?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पहिलं पुस्तक ओढलं आणि चिकटपट्टीखाली पट्टीची कड घालून कव्हर सोडवायला लागल्या. एकेका कव्हराला पाच मिनिटं.

"फाडा की सरळ," मी म्हटलं.

"कागदाने काय पाप केलंय?"

दहा पुस्तकं झाली. मग मीही पट्टी घेऊन अकरावं उचललं. ते माझ्याकडून फाटलं. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. तो कटाक्ष अजून आठवला की मी सरळ बसतो.

पेटी परत गेली ती वाघ, हत्ती, भुतं, राक्षस सगळे उघडे घेऊन. तीन दिवसांत निम्मी रिकामी झाली. मराठी मुलांनी नेली, आणि त्यांच्यामागून आयरिश, पोलिश मुलांनीसुद्धा, चित्रांसाठी. मी बाईंना मुद्दाम शाळेत दाखवायला नेलं. त्या पेटीत वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"लग्नघर रिकामं झाल्यासारखं वाटतंय हो," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरंय. असंच पाहिजे."

असंच पाहिजे, हे त्यांनी स्वतःला किती वेळा बजावलं असेल, देव जाणे. परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या उजेडात धरून तपासायच्या. रेवाने आणलेल्या एका पुस्तकात राक्षसाच्या दाढीला जॅम लागला होता.

"हे काय गं?"

"It's grand," रेवा म्हणाली (इथल्या बोलीत, 'ठीकच आहे'). "It's only jam."

"कुठल्या पानापर्यंत वाचलंस?"

"शेवटपर्यंत," रेवा म्हणाली. मराठीत. का ते तिलाही ठाऊक नसावं. बाईंनी ओला कापूस आणला आणि दाढी पुसली. रागावायचं त्या विसरूनच गेल्या.

पुढे पेटी आणखी एका शाळेत फिरली आणि जूनमध्ये ग्रंथालयात परत आली. त्याच महिन्यात बाईंच्या यजमानांचं इथलं काम संपलं. दोघं मिरजेला परत निघाले. शेवटच्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो, तर बाईंना निरोपात रस नव्हता.

"जुलै-ऑगस्टमध्ये इथे कोण कोण आहे?"

मी आठवून पाहिलं. आम्ही नाशिकला जाणार होतो. डॉक्टर कोल्हापूरला. सगळेच जातात, शाळेला सुट्टी असते.

"म्हणजे कुणीच नाही. दोन महिने," बाई म्हणाल्या. मग त्या पेटीकडे वळल्या. मला वाटलं, जाण्याचं दुःख होतंय. मी उगाच धीराचे चार शब्द बोललो. त्यांनी ते ऐकलेसुद्धा नसावेत.

मला बाईंची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकतो. सप्टेंबरमध्ये परत आलो तेव्हा ग्रंथालयात जायला पाय निघेना. पेटी कॉर्कला गेली असणार, याची खात्री होती. पण काउंटरशेजारी निळी पेटी जागेवर होती. उद्या नावनच्या एका शाळेत जायची म्हणून बांधून तयार.

मी ओर्लाकडे पाहिलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. सुट्टीभर पेटीतलं एक पुस्तक बाहेर होतं. जूनच्या शेवटच्या दिवशी, बाईंच्या स्वतःच्या कार्डावर गेलेलं. हत्तीला सर्दी होते, त्या गोष्टीचं. दर तीन आठवड्यांनी मिरजेहून फोनवरून मुदत वाढवलेली.

"ओर्ला, ते पुस्तक सोळा पानांचं आहे," मी म्हटलं.

"माहितीय मला," ती म्हणाली. "हळू वाचतात तुमच्या बाई." आणि तिने आणखी तीन आठवडे वाढवले.