शिंगाच्या मुठीची सुरी

साऱ्या नौपाड्यात सर्वांत जास्त पाती ज्या घरात होती, त्याच घरात काकडी चिरायला आमच्याकडून विळी न्यावी लागे. आमच्या शेजारचे काका सुऱ्या जमवत. घडीचे चाकू, खाटकाची सुरी, कोळणीचा कोयता, सगळ्यांना खोबरेल चोळून, जुन्या धोतराच्या पट्ट्यांत गुंडाळून ते पेटीत निजवत. कापत मात्र काहीच नसत. त्यांना रक्ताची भीती. फळांत केळं, कारण ते सोलता येतं. "बायका दागिने जपतात, आमच्याकडे हे लोखंड," काकू म्हणत, "आणि पाहुणा आला की मी तुमच्या दारात."

मी तेव्हा क्रांतीची पत्रकं वाचत आणि वाटत हिंडणारा. "एवढी शस्त्रं जमवलीत काका, उठाव कधी?" असं विचारलं की म्हणत, "कंबर धरलीय रे. ती उठू दे आधी."

आमचा वाद एकच. काका सुरी कधी कुणाच्या हातात देत नसत. हातात दिली की दोघांत वैर येतं, हा घरोघरचा समज. ते ती जमिनीवर ठेवत आणि म्हणत, "उचल." मी भडके. लोखंडाला कसलं आलंय वैर, हे त्यांना अख्ख्या पत्रकाच्या लांबीने समजावून सांगे. ते मान डोलावत आणि सुरी जमिनीवरच ठेवत.

एका रविवारी ते मला कल्याणला घेऊन गेले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या लष्करी बराकींत राहत. त्यांच्यातले फेरीवाले चादरीवर कंगवे, आरसे, चाकू मांडत. काका प्रत्येक चादरीपुढे उकिडवे बसून विचारत, "कराची से आया क्या? वो शिंग का मूठवाला सुरी, टोक मोडेला, देखा क्या?" फेरीवाल्याने नाही म्हटलं की रिकाम्या हाताने उठवेना, म्हणून दुसराच एखादा चाकू घेत. पेटी अशी भरली होती.

परतताना चहा पीत म्हणाले, "धाकटा भाऊ. कैरी कापायला मी ती सुरी त्याच्या हातात दिली. आठवड्यात भांडलो. कशावरून, तेही आता आठवत नाही. सुरी घेऊन तो कराचीला बंदरावर नोकरीला गेला. फाळणीनंतर पत्र नाही." मग बशीतला चहा उगाच फुंकत राहिले. "आधी वाटायचं, मला शौक आहे. पेटी भरली तेव्हा कळलं, शौकबिक काही नाही. मी नुसता त्याची वाट बघतोय."

माझ्या खिशात पत्रकं होती. त्यांत यावर काही नव्हतं.

पुढे मी नोकरीला नागपूरला निघालो, तेव्हा काकांनी पेन्सिलीला टोक काढायला म्हणून पेटीतला एक छोटा चाकू काढला. मी मुद्दाम तळहात पुढे केला. त्यांनी चाकू माझ्या पायांपाशी ठेवला.

"उचल रे. एक गेला, तेवढा पुरे."

मी वाकलो.

काका आता नाहीत. ती सुरी सापडली नाही, भाऊही नाही. तो समज खोटा आहे, हे मी आजही चारचौघांत ठणकावून सांगतो. फक्त कुणी टोक काढायला चाकू मागितला, की तो टेबलावर ठेवतो आणि त्याने उचलेपर्यंत थांबतो.