उसामागचा लाल तुकडा

केंदूरच्या आबांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून केडगावजवळची माझ्या बहिणीच्या सासरची सगळी वाडी फसली.

मी कांद्याचं बी सायकलवर विकायला लागलो तेव्हा माझ्याकडे दुकान नव्हतं, जीभ होती. आजही बी सुटंच विकतो, पिशवीवर छाप नाही. लोक घेतात ते माझ्या शब्दावर: गावरान म्हटलं की गावरानच निघणार, कांद्याच्या चाळीत दिवाळीपर्यंत टिकणार. ते बी मी आबांच्या शेतातून उचलतो. दरावरून त्यांच्याशी कितीदा भांडलो, एकदा चहाचा कप आपटून उठलो. मालावर मात्र कधी शंका घेतली नाही. कारण केंदूरच्या त्या शिवारात एक रीत आहे. बियाण्यासाठी कांदे लावायच्या आधी सगळे देवळापुढं जमतात, नारळ फोडतात आणि ठरवतात, की ओढ्याच्या अलीकडे गावरानाशिवाय दुसरा कांदा फुलू द्यायचा नाही. मधमाशी बांध पाळत नाही. शेजारी पावसाळी लाल कांदा फुलला तर तो गावरानात मिसळतो, आणि बी हातात घेऊन कुणालाच कळत नाही. दोन्हीचं बी काळंच. नारळ दरवर्षी आबाच फोडतात.

यंदा माघात फुलोरा बघायला गेलो, तर आबांचा ऊस तुटून गेला होता. मागं एक तुकडा पांढराशुभ्र फुललेला. खुरपणाऱ्या मावशींना विचारलं, "हा कुठला कांदा?"

"लाल हाय की."

"यंदाच लावला?"

"आवंदाच कशाला? गेल्या सालीबी हुता. उसाच्या आड तुम्हाला दिसंल कसा!" आणि त्या हसल्या.

गेल्या सालचं बी कधीच विकून, पेरून, रोपांची लागण होऊन गेलं होतं. तसाच आबांच्या ओट्यावर गेलो.

"आबा, नारळ तुमचा, शब्द तुमचा, आन् लाल कांदाबी तुमचाच?"

"मधमाशीला मी वेसण घालू का?" आबांनी सुपारी कातरणं थांबवलंसुद्धा नाही. "तू लई शहाणा यापारी ना? उसात शिरून बघायचं हुतं."

"केडगावात सांगीन सगळं."

"सांग की. त्यांनी मला कुठं बघितलंय? मारत्याल ते तुला."

मी बाजेला लाथ घातली आणि निघालो. रागानं निघालो होतो, पण पारगावच्या पुलापर्यंत राग उरला नाही. नुसती भीती होती. गाडी बाजूला घेऊन कितीतरी वेळ उभा राहिलो. आबा खरंच बोलले होते.

तिथून बहिणीच्या रानात गेलो, तर जिकडं बघावं तिकडं डेंगळे. कांदा पोसायच्या वेळेला दांडे वर आलेले, टोकाला फुलं. लालाची भेसळ असलेलं बी हिवाळ्यात लावलं की असेच दांडे येतात. डेंगळ्याचा कांदा चाळीत टिकत नाही, हे तिथं पोराटोरांनाही ठाऊक आहे.

"दादा, थंडीनं आलं आसंल ना?" ती म्हणाली. "मी वाडीत तसंच सांगितलंय."

मी दांडा मोडून हातात धरला.

"दीर म्हणत्यात, तुझ्या भावानं बियाणं दिलं का फुलझाडं? आजून हसत्यात. चाळीत कांदा नासला की न्हाई हसायचे." ती बांधाकडं बघत होती. "तू जाशील गाडीला किक मारून. मला हितंच ऱ्हायचंय."

तेव्हापासून दारात गाडी थांबली की मी आतल्या खोलीत जातो. फोन वाजला की आधी बघतो, बहिणीचा तर नाही. माराची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण मला मारून तिचे दीर घरी जातील, आणि मग तिला रोज त्यांच्याच ताटाला वाढायचंय. ती भीती झोपू देत नाही.

मी वाडीत जाणार आहे, कांदा काढायच्या आत. पण एकटा जाणार नाही. आबा, तुम्ही चला. माझ्या बहिणीच्या बांधावर उभं राहा आणि तिच्या दिरांना तुमच्या तोंडानं सांगा, उसामागं काय फुललं होतं ते. तिनं का ऐकून घ्यायचं? जाब तुम्ही द्या.