चार स्पोरन आणि मामाचा गुडघा

माझ्या भाच्याच्या लग्नात त्याच्या मागे कोणी उभं राहायचं, यावरून आमच्या कुटुंबात एक युद्ध झालं. ते मी एकट्यानेच पुकारलं, एकट्यानेच लढलो आणि एकटाच हरलो. शत्रूला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. आम्ही सगळे बहरीनमध्ये, ती आणि मेहुणे सनदला राहतात, आम्ही ईसा टाउनला. दोघांच्या नोकऱ्या शिफ्टच्या, त्यामुळे शाळा सुटली की हा बसमधून थेट आमच्या दारात उतरायचा. बारा वर्षं त्याचा दुपारचा वरणभात आमच्याकडे झाला आणि संध्याकाळचं गणित माझ्याकडे. असा हा मुलगा एडिंबराला शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि सहा वर्षांनी लग्नासाठी परत आला तो चार ग्रूम्समेन ठरवूनच. मुलगी इथलीच, नाशिककडच्या घरातली. लग्न वैदिक पद्धतीने, जेवण पंगतीचं, फक्त ग्रूम्समेन तेवढे स्कॉटलंडच्या पद्धतीचे.

ग्रूम्समेन म्हणजे नवरदेवाच्या मागे ओळीने उभे राहणारे मित्र, हे त्याने मला समजावून सांगितलं. आपल्याकडे त्या जागेवर मामा असतो. अंतरपाट धरला की मुलीच्या मागे मुलीचा मामा आणि मुलाच्या मागे मुलाचा. मामाला त्या वेळी काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. काहीही न करता मिळणारा एवढा मोठा मान माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळणार. भाचा जन्मला त्या दिवसापासून मी त्या पंधरा मिनिटांवर हक्क सांगून बसलो होतो. अर्थात, मनातल्या मनात.

मित्रांसाठी आणलेल्या भेटवस्तू त्याने आमच्याकडे लपवायला ठेवल्या, कारण मित्र त्याच्या घरी रोज पडीक. चार खोकी होती. प्रत्येकात हरणाच्या शिंगाची कफलिंक्स, काटेरी फूल कोरलेली चांदीची पिन आणि एक स्पोरन. स्पोरन म्हणजे स्कॉटिश पुरुष आपल्या घागऱ्यावर, कमरेच्या साखळीला अडकवून, पोटाखाली लोंबती ठेवतात ती चामड्याची पिशवी. घागऱ्याला खिसा नसतो म्हणून ही सोय. आमच्या मंडईतल्या भाजीवालीच्या कमरेला जी चंची असते तीच ही, फक्त हिला गोंडे असतात आणि हिच्याबद्दल माणसं आदराने बोलतात.

"मामा, इट्स ऑल हँड-स्टिच्ड," भाचा म्हणाला. "एक म्हातारा एकटा बनवतो. फोर मंथ्स वेटिंग."

चार महिने. म्हणजे मित्रांच्या पोटावर काय लोंबावं याचा विचार त्याने चार महिने आधी करून ठेवला होता. मामाचा विचार अजून व्हायचा होता.

तो गेल्यावर मी एक खोकं उघडलं. टाके अतिशय बारीक आणि एकसारखे होते, हे कबूल करताना मला त्रास झाला. कडेची घडी, झाकणाची बारीक कडी, आतलं अस्तर, कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. मी बराच वेळ जागा शोधली. मग ती साखळी पायजम्यावरून कमरेला बांधली आणि आरशासमोर उभा राहिलो.

"अहो, हे काय चाललंय?" बायको दारात उभी होती.

"दर्जा तपासतोय."

"तपासा. पण पोट आत घ्या, साखळी तुटेल."

पुढच्या शुक्रवारी भाचा जेवायला आला. जेवण झाल्यावर तो सहज म्हणाला, "मामा, सेरेमनीला तू पण मागे उभा राहशील ना? आम्ही लाइन करतोय. तू मधे."

हेच ऐकायला मी आठवडाभर कान टवकारून बसलो होतो. पण ते 'पण' मला झोंबलं. तू पण. आधी चार मित्र, त्यांच्या चार पिशव्या, आणि मग उरलेल्या जागेत मामा. मी बडीशेप चघळत म्हणालो, "छे रे, मला कशाला उभा करतोस. माझे गुडघे दुखतात हल्ली. तुझे मित्र आहेत की."

माझे गुडघे दुखत नव्हते. आजही दुखत नाहीत. पण आमच्यात पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. जिलबी वाढायला आली तरी आम्ही पानावर हात आडवा धरतो, दुसऱ्यांदा नुसती मान हलवतो आणि तिसऱ्या आग्रहाला घेतो. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. आमच्या बारा वर्षांच्या वरणभातातून हे भाच्याच्या अंगात मुरलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

"ओह. शुअर, मामा?"

"शुअर."

"ओके. नो प्रेशर. तुझी नी इंपॉर्टंट आहे," असं म्हणून तो ताक प्यायला स्वयंपाकघरात गेला. खलास. एका वाक्यात माझं राज्य गेलं. ज्या देशात तो सहा वर्षं राहिला तिथे नको म्हणजे नको असतं, आणि एखाद्याला पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याला त्रास देणं असतं. माझी एवढी मोठी चाल त्याने अतिशय सभ्यपणे मान्य करून टाकली होती.

मग मी दोन आठवडे दुसऱ्या आग्रहाची वाट पाहिली. फोन वाजला की मीच आधी उचलायचो. तो भेटला की त्याला विषयाची आठवण व्हावी म्हणून गुडघ्यावर हात ठेवून जरा कण्हायचो, आणि तो लगेच मला खुर्ची द्यायचा. बहिणीच्या घराला चार पायऱ्या आहेत. त्या मी त्याच्यासमोर एकेक पाय टेकवत चढायचो, आणि तो आत गेला की सरळ उतरायचो.

"त्याला सांगा ना, मला उभं राहायचंय म्हणून," बायको म्हणाली. "एका फोनचं काम आहे."

"मी सांगू? मामाने तोंडाने मागायचं?"

"मग लंगडा," ती म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत त्याने मित्रांना खोकी दिली. एक केरळचा, एक वसईचा, एक लखनौचा आणि एक इथला बहरीनी, सगळे ईसा टाउनच्या दिवसांपासूनचे. चौघांनी क्रीम रंगाच्या सदऱ्यांवर साखळ्या बांधल्या आणि एकमेकांच्या पिशव्यांची झाकणं उघडून पाहिली. मी टोमणा तयार ठेवला होता, पण तेवढ्यात भाचा माझ्याकडे वळला. त्याच्या हातात काठी होती.

कसल्याशा गाठीदार लाकडाची, लखलखीत पॉलिश केलेली, मूठ मेंढ्याच्या वळणदार शिंगाची आणि मुठीवर तेच काटेरी फूल. "त्याच म्हाताऱ्याचा ब्रदर बनवतो," भाचा म्हणाला. "कुरियरने मागवली. तुझ्या नीसाठी, मामा." मी ती टेकवून पाहिली. उंची तंतोतंत होती. माझं माप त्याला कोणी दिलं हे विचारायची गरज पडली नाही, कारण बायको त्या वेळी खिडकीतून बाहेरचं पार्किंग फार लक्ष देऊन बघत होती.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. इतक्या घाईत, लग्नाच्या गडबडीत, या मुलाने माझ्या खोट्या दुखण्यासाठी खरी काठी मागवली होती. त्याच क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "कशाला एवढा खर्च केलास?"

गुरुजी आठवडाभर एसीच्या कंपनीत इंजिनीअर असतात आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं लावतात. त्यांनी चामड्याच्या पिशव्यांकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, घड्याळ पाहिलं आणि आठ्या काढल्या. "यल्ला, चला, मुलाला उभं करा," ते म्हणाले. चौघे ओळीने मागे उभे राहिले. ओळीच्या मागे, नेमकी स्टेजवर, एक खुर्ची ठेवली होती, पाठीला उशी आणि पायाशी छोटं स्टूल. ती माझी. भाच्याने स्वतः मला हाताला धरून तिथे बसवलं.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्याच 'सावधान'ला माझे पाय आपोआप उभे राहिले, कारण गुडघेदुखीचं त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. बहरीनी मित्राने मागे वळून माझ्या खांद्यावर अलगद हात ठेवला आणि म्हणाला, "अंकल, प्लीज. रेस्ट. वी आर हिअर." त्याच्या स्पोरनमध्ये अक्षता भरलेल्या होत्या. त्यातल्या मूठभर त्याने माझ्या हातात दिल्या. मी खाली बसलो.

माझ्यापुढे भाच्याची पाठ होती आणि मधे चार पाठी होत्या. मला तिथे उभं राहायचं होतं. आयुष्यात इतकं काही हवं होतं असं मला आठवत नाही, आणि हे वाक्य मी कोणालाही, एकदाही म्हटलं नव्हतं. पाच पावलांचं अंतर होतं. पण ती पाच पावलं सरळ चालत गेलो असतो तर पंधरा दिवसांचं लंगडणं तीनशे माणसांसमोर उघडं पडलं असतं. मी काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिलो आणि अक्षता बसल्या जागेवरून टाकल्या. त्या भाच्यापर्यंत पोचल्या नाहीत.

जेवणाच्या वेळी मुलीचे मामा माझ्या शेजारी येऊन बसले. पंचाहत्तरीचे, नाशिकहून मुद्दाम आलेले. अंतरपाटाच्या पलीकडे ते सगळा वेळ ताठ उभे होते.

"तुम्हाला उभं राहता आलं नाही, फार वाईट वाटलं," ते माझ्या काठीकडे बघत म्हणाले. "माझंही तसंच होणार होतं. दोन्ही गुडघे गेले होते. पण डॉक्टरांना सांगितलं, भाचीच्या मागे उभं राहायचंय, काय वाटेल ते करा. मार्चमध्ये दोन्ही बदलून घेतले. नंबर देऊ का त्यांचा?"

मी खिशातून पेन काढलं आणि नंबर लिहून घेतला.